गोळी डब्यातच ठेवा

ताई, नमस्कार.

आम्ही धायरीला राहतो. ह्यांना डायलिसिस सुरू होऊन पावणेदोन वर्षं झाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळची पाळी असते. बाकीचे दिवस हे अप्पा बळवंत चौकाजवळ एका वह्या-पुस्तकांच्या दुकानात कामाला जातात. मागच्या तिन्ही रिपोर्टांत फॉस्फरस वाढलेलाच आहे, ७.१, मग ७.४ आणि आता ७.९. डॉक्टरांनी तो उतरवायला सेव्हेलामर ८०० च्या गोळ्या दिल्यात, तिन्ही खाण्यांबरोबर दोन-दोन. पण हे दुकानात गोळ्या नेतच नाहीत. म्हणतात, मी गोळ्या काढल्या की डब्याला बसलेले सगळे गप्प होतात. मग रात्री झोपताना आठवलं तर चार एकदम घेतात आणि पोट फुगलं म्हणून माझ्यावर चिडतात. "घेऊनही आकडा उतरत नाही, मग कशाला घ्यायच्या?" हे रोजचं. अंगाला इतकी खाज सुटते की रात्री कंगव्यानं पाठ खाजवतात.

मी दूध बंद केलं, डाळ बंद केली, अंडी बंद केली. वजन उतरलं, फॉस्फरस नाही. सकाळी पोहे, दुपारी डबा, रात्री साडेनऊला जेवण, सगळं माझ्या हातचं. पाच वाजता तेवढं मित्रांबरोबर चीज सँडविच आणि कोल्ड्रिंक होतं. एकदा मी चोरून गोळी कुटून आमटीत घातली. आमटी बुळबुळीत झाली आणि ह्यांना कळल्यावर दोन दिवस अबोला. शेजारच्या काकू म्हणतात, साधी कॅल्शिअमची गोळी स्वस्त पडते, तीच द्या. डायलिसिस योजनेतून होतं, पण गोळ्या पदरच्या. बस गाठायच्या घाईत हे मशीनवरून अर्धा तास आधी उतरतात, तेही मला आवडत नाही.

माझ्या स्वयंपाकात काही चुकतंय का?

एक वाचक, धायरी

---

ताई,

तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण मला वाटतं तीच ओळ तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. तुमच्या स्वयंपाकात काही चुकत नाहीये. उलट तुम्ही गरजेपेक्षा जास्त बंद केलंय आणि त्यातलं काही परत सुरू करा असंच मी आज सांगणार आहे. चुकतेय ती गोळीची वेळ.

मी बावीस वर्षं डायलिसिस युनिटमध्ये सिस्टर होते. फॉस्फरसच्या गोळीइतका गैरसमज मी दुसऱ्या कुठल्या औषधाबद्दल पाहिला नाही. बीपीची गोळी रक्तात जाते आणि तिथं काम करते, म्हणून ती सकाळी नाही तर थोडी उशिरा घेतली तरी निभावतं. सेव्हेलामर रक्तात जातच नाही. ती आतड्यात राहते, जेवणातून सुटलेला फॉस्फरस स्वतःला चिकटवून घेते आणि शौचावाटे त्याला घेऊन बाहेर पडते. म्हणजे गोळी आणि अन्न एकाच वेळी पोटात असायला हवं. दुपारी दीडच्या डब्यातला फॉस्फरस रात्रीपर्यंत कधीच रक्तात पोचलेला असतो. अकरा वाजता घेतलेल्या चार गोळ्यांना धरायला मग फारसं काही उरत नाही. त्या नुसत्या पाणी शोषून फुगतात. तेव्हा पोट फुगल्याची मिस्टरांची तक्रार खरी आहे, आणि "घेऊनही आकडा उतरत नाही" हेही खरंच आहे. गोळीला काम मिळालंच नाही तर आकडा उतरणार कसा?

थोडं गणित मांडते, कारण एकदा ते कळलं की वादाचं कारण कमी होतं. साधं घरचं जेवण जेवणारा माणूस दिवसाला साधारण ९०० मिलिग्रॅम फॉस्फरस खातो. त्यातला ढोबळमानानं ६० टक्के अंगात जातो, म्हणजे ५४० च्या आसपास. आठवड्याचा हिशोब ३,८०० च्या आसपास जातो. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये निघतो सुमारे ८०० मिलिग्रॅम, तीनदा मिळून २,४००. उरलेले १,४०० दर आठवड्याला आत साठत राहतात. लघवी जवळजवळ बंद झालेली असेल तर त्यांना जायला दुसरी वाट नाही. हे सगळं पथ्य पाळणाऱ्या माणसाचं गणित आहे, बरं का. मशीन एकटं पुरतच नाही, म्हणून ही गोळी. एक ८०० ची गोळी अंदाजे २५ ते ३० मिलिग्रॅम फॉस्फरस पकडते. एवढंसंच. म्हणून डॉक्टर सहा-सहा लिहून देतात. पाहणाऱ्याला वाटतं किती हा मारा, पण सहाच्या सहा जेवणाबरोबर गेल्या तर रोजचे दीडशेच्या वर धरले जातात आणि साठणारा बराचसा भाग तिथंच संपतो.

याच गणितात अर्धा तास आधी उतरण्याचं नुकसान दिसतं. युरिया, म्हणजे रक्तात साठणारा दुसरा कचरा, मशीनवर भराभर निघतो, फॉस्फरस तसा निघत नाही. तो बहुतांश हाडांत आणि पेशींच्या आत असतो. रक्तातला पहिल्या दीड-दोन तासांत उतरतो, त्यानंतर आतला हळूहळू रक्तात येतो आणि तेवढाच मशीनला मिळतो. फॉस्फरसला वेळ लागतो, वेळेला पर्याय नाही. तुम्हाला जे आवडत नाही ते बरोबर ओळखलंत. बस चुकली तर पुढची मिळेल. टेक्निशियनला "आज लवकर सोडा" म्हणायची सवय मोडायला हवी.

मी एवढ्या कळकळीनं का सांगते, तेही सांगते. आमच्याकडे एक गृहस्थ यायचे, पन्नाशीचे, हसतमुख. हात दुखतो म्हणून त्यांच्या हाताचा एक्स-रे काढला. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, रक्तवाहिन्या दिसायच्या नसतात. त्यांच्या मनगटापासून अंगठ्याकडे जाणारी रक्तवाहिनी खडूनं रेघ ओढावी तशी पांढरी दिसत होती. वर्षानुवर्षं वाढलेल्या फॉस्फरसनं आणि कॅल्शिअमनं तिच्या भिंतीत चुना धरला होता. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचंही तेच होतं. गळ्यात पॅराथायरॉइड नावाच्या चार छोट्या ग्रंथी असतात. फॉस्फरस वाढला की त्या खवळतात आणि हाडांतलं कॅल्शिअम ओढून काढतात. हाडं पोकळ होतात, आणि दुखायला लागेपर्यंत बरंच होऊन गेलेलं असतं. निरोगी माणसाचा फॉस्फरस २.५ ते ४.५ असतो. डायलिसिसवर तो ५.५ च्या आत राहावा असा बहुतेक डॉक्टरांचा प्रयत्न असतो. ७.९ आज दुखत नाही, खाज सोडली तर. म्हणूनच तो फसवतो.

खाजेबद्दल एक सांगते. फॉस्फरस हे तिचं एक कारण असतं, पण कोरडी त्वचा आणि अपुरं डायलिसिस हीही कारणं असतात. आकडा उतरेपर्यंत त्यांना तसंच खाजवत ठेवू नका. कोमट पाण्यानं आंघोळ, अंग ओलसर असतानाच खोबरेल, आणि डॉक्टरांना "खाज आहे" असं स्पष्ट सांगा. तिच्यासाठी वेगळी औषधं आहेत. कंगवा मात्र काढून ठेवा. त्वचा फाटली की जंतू शिरायला वाट मिळते, आणि डायलिसिसच्या माणसाला ते परवडत नाही.

आता ताटाकडे येऊ. डायलिसिसवर माणसाला प्रथिनं जास्त लागतात, किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम, कारण प्रत्येक वेळी मशीनमधून थोडी वाहून जातात. तुम्ही दूध, डाळ, अंडी सगळंच काढलंत, म्हणून वजन उतरलं. ते पाणी उतरलेलं नाही, मांस उतरलंय. अंड्याचा पांढरा भाग उद्यापासून परत आणा, दोन-तीन अंड्यांचा. अंड्यातला फॉस्फरस जवळजवळ सगळा पिवळ्या बलकात असतो, पांढऱ्यात नावापुरता. बलक मुलांच्या ताटात जाऊ दे. डाळही चोर नाही. डाळी-कडधान्यांतला फॉस्फरस फायटेट नावाच्या रूपात अडकलेला असतो आणि तो सोडवायचं पाचकद्रव्य माणसाच्या आतड्यात जवळजवळ नसतंच, त्यामुळे त्यातला निम्मा किंवा त्याहून कमीच अंगी लागतो. एक वाटी वरण चालेल. पोटॅशियम कमी व्हावं म्हणून डाळ भिजवून ते पाणी ओतून द्यायचं, एवढं तुम्ही करतच असाल. दुधाचं मात्र मोजून. १०० मिलिलिटर दुधात ९० ते १०० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, म्हणून चहापुरतं ठेवा, पेलाभर नको. पोह्यांत शेंगदाणे मोजके घाला. कितीची वाटी आणि किती अंडी, हे युनिटच्या आहारतज्ज्ञ त्यांचं वजन पाहून ठरवतील. एकदा दोघं मिळून त्यांच्याकडे बसा.

खरा चोर पाच वाजता येतोय. चीज सँडविचमधल्या प्रक्रिया केलेल्या चीजला मऊपणा राहावा म्हणून आणि काळ्या कोल्ड्रिंकला आंबटपणा यावा म्हणून फॉस्फेट घातलेलं असतं. हे घातलेलं फॉस्फेट डाळीतल्यासारखं अडकलेलं नसतं. ते ९० टक्क्यांच्या वर सरळ रक्तात जातं. पाकिटातल्या नूडल्स, फ्रोझन नगेट, काही केक आणि बिस्किटं, यांतही ते सापडतं. पाकिटावर फॉस्फरस किती ते लिहिलेलं नसतं, पण बारीक अक्षरांतले आकडे असतात. ३३८, ३३९, ३४०, ३४१, ४५०, ४५१, ४५२ यांतला कुठलाही दिसला की पाकीट खाली ठेवायचं. हे सात आकडे एका चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवा, किराणा भरताना उपयोगी पडतील. तुम्ही घरात ज्या डाळीवर पहारा दिलात तिच्यापेक्षा या दोन गोष्टी भारी आहेत, आणि त्या तुमच्या हातच्या नाहीत. म्हणून म्हटलं, स्वयंपाकाला दोष देऊ नका.

गोळी कुटून घातलीत ते मी समजू शकते. माणूस ऐकत नाही, आकडा वाढतोय, तर बाईच्या हातात आमटीच उरते. पण परत नका करू. ही गोळी अख्खीच गिळायची असते, चावायची नाही आणि कुटायचीही नाही, कारण ओलावा लागला की ती फुगते. आमटी बुळबुळीत झाली ती त्यामुळेच. गिळायला त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा. सेव्हेलामर भुकटीच्या पाकिटातही येतं, ते पाण्यात कालवून लगेच प्यायचं असतं. दुसरं एक औषध, लॅन्थॅनम, हे उलट चावूनच खायचं असतं. आणि औषध चोरून घातल्यावर तुमच्या ताटावरचा त्यांचा विश्वास जातो. डायलिसिसच्या घरात तो फार लागतो.

शेजारच्या काकूंचं अगदीच चूक नाही. कॅल्शिअम कार्बोनेट आणि कॅल्शिअम ॲसिटेट या जुन्या, स्वस्त आणि खरोखर फॉस्फरस धरणाऱ्या गोळ्या आहेत. पण त्यातलं काही कॅल्शिअम रक्तात जातं, आणि ज्या रक्तवाहिनीबद्दल मी वर लिहिलं तिला ते नको असतं. म्हणून डॉक्टर रक्तातलं कॅल्शिअम आणि पॅराथायरॉइडचं संप्रेरक बघून ठरवतात की चालेल का आणि किती. दुकानातून स्वतःहून आणलेल्या गोळीत बहुतेक वेळा ड जीवनसत्त्वही मिसळलेलं असतं, ते तर अजिबात परस्पर नको. पैशांचा प्रश्न असेल तर लाजू नका, डॉक्टरांना थेट विचारा, "स्वस्तात काय बसेल?" जनऔषधी केंद्रातही सेव्हेलामरची चौकशी करा. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या किमतींत खूप फरक पडतो.

पोटाची तक्रार वेळ सुधारल्यावर बरीच कमी होईल, पण बद्धकोष्ठ राहू शकतं. ते अंगावर काढू नका. या माणसांचं थोडं पोटॅशियमही शौचावाटेच जातं, त्यामुळे पोट साफ न होणं हे नुसतं त्रासाचं नसतं. मात्र रेचक मनानं नको. फॉस्फेटचा एनिमा, मॅग्नेशियमची दुधट औषधं, पित्ताची ॲल्युमिनियमवाली औषधं या घरात येऊ देऊ नका. एके काळी ॲल्युमिनियमच फॉस्फरससाठी देत असत. नंतर कळलं की ते मेंदूत आणि हाडांत साठतं. भस्मं किंवा काढे कुणी सुचवले तरी आधी किडनीच्या डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि सेव्हेलामर यांत चार तासांचं अंतर हवं. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक कुणी दिलं तर "मी सेव्हेलामर घेतो" हे सांगायचंच, नाहीतर तेही आतड्यात अडकून निम्मं वाया जातं.

आता पत्राचा इथून पुढचा भाग मिस्टरांना वाचायला द्या.

दादा, तुम्ही गोळ्या काढल्या की डब्याला बसलेले गप्प होतात, हे वाचून मी थोडा वेळ थांबले. युनिटमध्ये मी हे किती जणांकडून ऐकलंय! मशीनवर पडलेलं चालतं, तिथं सगळे सारखेच असतात. पण कामावर, ज्या दोन तासांत आपण आजारी नसतो, तिथं आजार खिशातून काढून ताटाशेजारी ठेवायचा, हे जड जातं. तुमचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

आमच्याकडचे एक रिक्षावाले काका होते, त्यांची युक्ती सांगते. ते गोळ्यांची स्ट्रिप कात्रीनं दोन-दोनच्या तुकड्यांत कापायचे. एक तुकडा डब्यात, चटणीच्या डबीशेजारी, वेष्टनासकट. एक शर्टाच्या खिशात, बाहेर काही खाल्लंच तर. एक घरी ताटाजवळ मिठाच्या बरणीपाशी. डबा उघडला की पहिली गोळी तिसऱ्या-चौथ्या घासाला, दुसरी जेवण निम्मं झाल्यावर. भाताच्या घासानंतर एक-दोन घोट पाणी, तेच पाणी दिवसाला ठरवून दिलेल्या पाण्याच्या मोजणीत धरायचं. त्यांच्या बरोबरचे लोक पहिल्या आठवड्यात गप्प झाले, दुसऱ्या आठवड्यात एकानं विचारलं, "ही कशाची?" काका म्हणाले, "जेवणातला एक खार असतो, तो माझ्या किडनीला झेपत नाही, ही गोळी तो पकडते." त्यानंतर काका विसरले की तोच मित्र आठवण करून द्यायचा. तुम्हालाही हे एक वाक्य पुरेल.

जेवताना विसरलात आणि लगेच आठवलं, तर घेऊन टाका. दोन-तीन तास उलटले असतील तर ती वेळ सोडून द्या, रात्री भरपाई म्हणून चार घेऊ नका. डायलिसिसच्या दिवशी गोळ्यांना सुट्टी नसते. मशीनवरून उतरून खाल्लेल्या वडापावालाही गोळी लागते. जेवलाच नाहीत, तर त्या वेळची गोळी नको.

पाचच्या चहाला जाणं बंद करू नका. मित्र सोडायचे नाहीत, फक्त काळं कोल्ड्रिंक आणि चीज सोडायचं. अर्धा कप चहा आणि घरून नेलेले थोडे कुरमुरे, बिनमिठाचे, तेवढं चालतं. डॉक्टरांना हेही विचारा, "माझ्या पोह्यांना दोन गोळ्या लागतात का, की एक सकाळी आणि एक संध्याकाळच्या खाण्याला दिली तर चालेल?" गोळ्या खाण्याच्या मापानं वाटता येतात, फक्त ती वाटणी त्यांना विचारून करायची.

एका रिपोर्टवर निकाल लावू नका. रक्त मशीन लावण्याआधी घेतलंय ना, हे बघा, आणि शक्यतो दर महिन्याला आठवड्याच्या त्याच वारी. मंगळवारचं रक्त नेहमी जास्तच दाखवतं, कारण मागे दोन दिवसांचा खाडा असतो. गोळ्या रोज जेवणाबरोबर, मशीनवर पूर्ण चार तास, असे तीन महिने करून पाहा. तेव्हाही आकडा सहाच्या वर असेल तर गोळी बदलायची का, वाढवायची का, हे डॉक्टरांशी हक्कानं बोला. आज ते बोलायला जाल तर ते आणखी दोन गोळ्या लिहून देतील, आणि त्याही रात्री अकरालाच जातील.

ताई, सोमवारचा डबा भराल तेव्हा चटणीच्या डबीशेजारी दोन गोळ्यांचा तुकडा ठेवा, त्यांच्यादेखत. काही बोलू नका. रिकामं वेष्टन परत आलं तर ठीक, गोळ्या तशाच आल्या तरी मंगळवारी परत काही बोलू नका, बुधवारच्या डब्यात नव्यानं ठेवा. पुढचा रिपोर्ट आला की आकडा मला कळवा, आणि वजनही.

तुमची,
सिस्टरताई